आक्कानं भरलेलं पाखरू

ये गं पोरी, अशी जवळ येऊन बस. तू तिकडे दूर, मी इकडे अकोल्यात, हे मला कळतं. पण लिहिताना तुला समोर बसवून घेतल्याशिवाय माझा हात चालत नाही. आणि आधी रागावून घेते, मग बाकीचं. मागच्या दिवाळीत आलीस तेव्हा तुझं ते पाखरांचं जाडजूड पुस्तक चाळत होतीस आणि दर पानाला बोट जिभेला लावत होतीस. मी म्हटलं, बोट तोंडात घालू नको. तू हसलीस. "आजी, मी काय लहान पोट्टी आहे का?" म्हणालीस. लहान नाहीस. पण दिवसभर मेलेल्या पाखरांत हात घालणारी बाई आहेस, आणि त्या कामाचे हात तोंडाशी जाऊ देऊ नयेत हे आपल्या घराला फार महागात शिकावं लागलं. तुझ्या आजीच्या जिवावर शिकावं लागलं.

माझ्या कपाटातल्या काचेच्या बरणीतलं पाखरू तुला हवं आहे. त्याच्या पायाचा कणभर तुकडा मिळाला तर त्याचं कूळ नक्की करता येईल, असं तू फोनवर म्हणालीस. पार्सलनं पाठव म्हणालीस. मी गप्प बसले, तर तुला वाटलं आजीला ऐकू आलं नाही. आलं होतं. पण ते पाखरू आपल्या घरात कसं आलं हे तुला कोणी सांगितलेलं नाही. तुझ्या आईला मी कधी सांगितलं नाही, आणि आता ती राहिली नाही.

तुझी आजी, म्हणजे माझी थोरली बहीण. मी तिला आक्का म्हणायची. तिला परतवाड्याला दिलं होतं. भाऊजी तिथे शाळेत मास्तर होते. पहिल्या बाळंतपणाला आक्का अकोल्याला आमच्या घरी आली, तुझी आई झाली, आणि परत जाताना तान्ह्या पोरीला सांभाळायला मला सोबत धाडलं. माझी शाळा तशीही सुटलीच होती. मूर्तिजापूरला गाडी बदलायची आणि मग ती अचलपूरची छोटी गाडी, इतकी सावकाश चालणारी की उतारू खाली उतरून बोरं तोडून परत चढत. लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं, साबण तर बघायलाही नव्हता. हे साबणाचं लक्षात ठेव.

परतवाड्याच्या घरी चार माणसं: भाऊजी, आक्का, भाऊजींची आई आणि मांडीवरची तुझी आई. मी पाचवी. भाऊजींच्या आईला आक्का आत्याबाई म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. विधवा बाई, सोवळ्यातली. स्वतःचं रांधून वेगळं जेवायची. कोणाच्या हातचं पाणी चालायचं नाही. पण माया होती हो तिच्यात. तुझ्या आईला तेल लावताना गाणी म्हणायची ती, कोणी ऐकत नाही असं पाहून.

घरातून उत्तरेला पाहिलं की चिखलदऱ्याचे डोंगर दिसायचे, आणि भाऊजींचा जीव सगळा तिकडे. सुटी लागली की घाट चढून जायचे. तिथल्या झाडीत त्यांना एक पाखरू सापडलं होतं. सापडलं म्हणजे काय, पूर्वीपासून होतंच ते तिथे. पण त्याला कोणत्या कुळात बसवायचं याबद्दल मोठमोठ्या पंडितांची एकवाक्यता नव्हती म्हणे. चिमणीएवढं. डोकं राखेच्या रंगाचं, पाठ मातकट, पोट शिळ्या भाकरीसारखं फिकं. तुरा नाही, पट्टा नाही, लाल-निळं काही नाही. आक्कानं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली,

"एवढ्यासाठी तुम्ही घाट चढून राहिले होते? आपल्या परसात याहून चांगली आहेत."

भाऊजी म्हणाले, "अगं, याचा आवाज ऐक." आणि त्यांनी शीळ घालून दाखवली. चार-पाच सुरांची, थोडी थरथरती. तुझी आई रडायची थांबली, इतकी गोड.

भाऊजींचं म्हणणं होतं की हे पाखरू सातभाईंच्या घराण्यातलं. टोळीनं हिंडतं, सतत एकमेकांना हाका मारतं, झुडपांतून फिरतं. दुसऱ्या कोणाचं म्हणणं की चोच बारीक, अंग नाजूक, तेव्हा हे वटवट्यांच्या जवळचं. भाऊजी ओसरीवरच्या फळीवर पाखरं मांडून बसत. मधे ते मातकट, एका बाजूला सातभाई, एका बाजूला वटवट्या. मग उचलून इकडे ठेवायचे, तिकडे ठेवायचे, पंख ताणून बघायचे.

आक्का भाजी निवडता निवडता म्हणे, "लग्न जमवून राहिले का त्याचं?"

"जात पाहून राहिलो."

त्यावर आत्याबाई आतून ओरडे, "जात पाहायची तर त्याच्या घरी जेवून ये! कातडं पाहून जात कळते का कुठं?"

आम्ही हसायचो. भाऊजीही हसायचे. ते म्हणायचे, आपला वऱ्हाडही या पाखरासारखाच आहे. कागदावर निजामाचा, हुकूम गोऱ्याचा, कचेरी नागपूरला, बोलणं आपलं. कोणत्या फळीवर ठेवावं ते ठेवणाऱ्यालाच ठाऊक.

आता कामाचं सांगते. एक-दोन पाखरांवर जात ठरत नाही, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक. नर हवा, मादी हवी, पिल्लू हवं, उन्हाळ्यातलं हवं, हिवाळ्यातलं हवं. डोंगरातला एक माणूस झाडाचा चिकट चीक फासलेल्या काड्या लावून पाखरं धरायचा आणि पानाच्या द्रोणात झाकून आणून द्यायचा. भाऊजी त्याचं कातडं सोडवत, आतून साबणासारखा एक लेप कुंचल्यानं लावत, आणि मग आत कापूस भरून शिवत. इथे त्यांचं अडायचं. बोटं जाड. कापूस गोळा होऊन बसायचा, पाखरू सुपारीच्या पिशवीसारखं दिसायचं.

आक्का एकदा न राहवून म्हणाली, "द्या इकडे."

तुला माहीत नसेल, पण आमच्या आईनं आम्हाला वाती वळायला बसवलं ते बोलता येऊ लागल्यापासून. चातुर्मासात लाख वातींचा नेम असायचा. सरकी काढलेला, पिंजलेला कापूस चिमटीत घेऊन असा ओढायचा की धागा तुटला नाही पाहिजे आणि जाड-बारीक झाला नाही पाहिजे. आक्काचा हात त्यात आमच्या सगळ्यांत हलका. तिनं कापसाची लांबट वात केली, मानेतून हळूच आत सरकवली, पोटाशी थोडी सैल सोडली आणि बोटानं बाहेरून फिरवलं. पाखरू पाखरासारखं झालं. भाऊजी बघतच राहिले. ते पहिलं पाखरू म्हणजे माझ्या बरणीतलं.

तेव्हापासून ते काम तिचं झालं.

आत्याबाईचं डोकं फिरलं. "काहून रे, लेकुरवाळी बाई आणि मेलेली पाखरं एका घरात? त्याच हातानं पोरीले छातीशी घेते. बाधा होईल, मग मले सांगू नको."

भाऊजींना पाखरं सोडायची नव्हती आणि आईला दुखवायचं नव्हतं. ते म्हणाले, "आई, ती काम झालं की अंघोळ करते ना. आणि मी तो लेप लावतो, त्यानं कातडं कुजत नाही. शुद्धच असतं."

"काय आहे त्या लेपात?"

"साबण आहे. चुना आहे. कापूर आहे."

"साबणात चरबी असते."

"खोबरेल तेलाचा साबण आहे, आई. मी स्वतः पाहून आणला."

आत्याबाईनं लेपाचा डबा नाकाशी नेला. कापराचा वास घमघमत होता. तिचा चेहरा निवळला. देवापुढे जळतो तोच कापूर. मी तिथेच होते, मांडीवर तुझी आई होती. भाऊजींनी तीन जिनसा सांगितल्या आणि चौथी गिळली. चौथी होती सोमल. सोमल म्हणजे विष, उंदीर मारायला आणतात ते. ते सांगितलं असतं तर त्या दिवशी डबा उकिरड्यावर गेला असता आणि पाखरंही. म्हणून त्यांनी सांगितलं नाही. आक्काला एवढंच म्हणाले की ते तोंडात जाऊ देऊ नको. कशासाठी, ते तिलाही सांगितलं नाही. तिच्या पोटात गोष्ट राहायची नाही, सासूला सांगून टाकेल, अशी धास्ती.

पुढे झालं ते कोणा दुष्टानं केलेलं नाही. तेच मला आजवर पचत नाही.

आत्याबाईनं काय केलं, भाऊजी शाळेत गेल्यावर त्या डब्यातला एक गोळा काढला आणि करवंटीत घालून न्हाणीत ठेवला. साबण बाजारात मिळत नव्हता, राखेनं मेलेल्याचा विटाळ जाईल यावर तिचा भरवसा नव्हता. हा तर कापराचा. आक्का पाखरू भरून उठली की आत्याबाई न्हाणीच्या दाराशी उभी. "कोपरापर्यंत लाव. नखांत घाल. घास चांगलं. मग पोरीले घे."

आक्का एकदा म्हणाली, "आत्याबाई, ते म्हणत होते हे तोंडात जाऊ देऊ नको."

"साबण कोण खाते?" आत्याबाई म्हणाली. आणि दोघी हसल्या. मीही हसले.

खरंच, साबण कोण खातं? पण त्याच हातानं भाकर थापायची, त्याच हातानं कालवून जेवायचं. नखाच्या कोपऱ्यात काय राहिलं ते कोण पाहतं?

आधी तिचे हात जाड झाले. तळवे पायाच्या टाचेसारखे. मग भेगा पडल्या. आत्याबाई ते पाहून घाबरली. तिला वाटलं, विटाळच अंगावर फुटून राहिला. म्हणून अंघोळीआधी एकदा आणि अंघोळीनंतर एकदा, असं हात धुणं सुरू झालं. भेगांत ते झोंबायचं. आक्का दातावर दात ठेवून धुवायची. पोरीला बाधा होऊ नये म्हणून, बरं का. तुझ्या आईला बाधा होऊ नये म्हणून ती हात धूत होती.

भाऊजी एकदा डबा उघडून म्हणाले, "लेप लवकर संपून राहिला, पाखरं तर इतकी नाहीत." आत्याबाई आत जपाला बसलेली. साबणाचं त्यांना सांगावं, हे आम्हा दोघी बहिणींना सुचलं नाही. त्यांनी नवा करून ठेवला.

मग उलट्या. अन्न समोर आलं की आक्का तोंड फिरवायची. वैद्यांनी पित्त सांगितलं, आवळा दिला. मग पायांना मुंग्या येऊ लागल्या, चालताना पायातली वहाण निघून पडली तरी तिला कळायचं नाही. केस विंचरताना कंगव्यात पुंजकेच्या पुंजके. दूध आटलं. तुझी आई उपाशी रडायला लागली तेव्हा शेळीचं दूध आणून मी तिला कापसाच्या बोळ्यानं पाजायची. वाटीत बोळा बुडवायचा आणि ओठांवर पिळायचा. तो कापूस आत्याबाईनं वेगळ्या हंड्यात, वर, सोवळ्यात ठेवला होता. "पाखरांच्या कापसाचा वारा नको लागू देऊ याले," असं मला बजावलं होतं. त्या सोवळ्यानं तुझी आई वाचली, हेही तितकंच खरं. म्हणून मी त्या बाईला नुसती शिव्या देऊ शकत नाही. पुष्कळ वेळा द्याव्याशा वाटल्या.

शेवटी भाऊजींनी सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांना टांग्यातून घरी आणलं. म्हातारे होते, कमी बोलणारे. त्यांनी जीभ पाहिली, पोट दाबलं, आणि मग हात हातात घेऊन बराच वेळ नखं पाहत बसले. नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा होत्या. मला त्या माहीत होत्या, मी समजत होते चुन्याचे डाग.

"या बाई काय काम करतात?" त्यांनी विचारलं.

"घरचंच," भाऊजी म्हणाले.

"आणि?"

"माझी पाखरं भरतात. पण लेप मी लावतो, कुंचल्यानं. त्यांचा हात लागत नाही."

डॉक्टर भाऊजींकडे बघत राहिले. लेप कशाचा, ते त्यांना ठाऊक असावं.

तेवढ्यात आत्याबाई न्हाणीतून करवंटी घेऊन आली. सोवळं विसरून परक्या माणसासमोर आली. "डॉक्टरसाहेब, आमच्यात स्वच्छतेची कमी नाही. प्रत्येक वेळी या कापराच्या साबणानं हात धुवायला लावते मी इले. स्वतः उभी राहून."

डॉक्टरांनी करवंटी नाकाशी नेली नाही. नुसती भाऊजींच्या समोर धरली.

भाऊजी खाली बसले. भिंतीला पाठ घासत घासत खाली बसले. आत्याबाई म्हणाली, "काय झालं रे? कापूर आहे ना त्यात? तूच म्हणाला होता ना?"

डॉक्टरांनी करवंटी तिच्या हातापासून लांब ठेवली.

"चरबी आहे का?" तिनं विचारलं. तिच्या लेखी सगळ्यांत मोठी भीती तीच होती.

डॉक्टरांनी सांगितलं ते मला पूर्ण समजलं नाही, पण 'उशीर' हा शब्द समजला. करवंटी खड्डा करून पुरली. दूध, तूप, औषधं चालू झाली. आक्का श्रावणापर्यंत टिकली. शेवटी शेवटी तिच्या बोटांना चिमूट धरता येत नव्हती. लाख वाती वळलेली बोटं ती. एक दिवस मला जवळ बोलावून म्हणाली,

"त्याईले विचार, ते पाखरू बसलं का कुठं. मी विचारलं की ते उठून जातात."

मी ओसरीवर गेले. भाऊजी फळीसमोर बसले होते, पाखरं धुळीनं भरली होती. मी विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली, नाही.

मी परत जाऊन सांगितलं, "बसलं आक्का. सातभाईंत."

"हं," ती म्हणाली. "मले वाटलंच. एकटं राहणारं नाही ते." आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं.

ती गेल्यावर भाऊजींनी सगळी पाखरं परसात खोल खड्डा करून पुरली. एक माझ्याकडे राहिलं, कारण आक्कानं भरलेलं पहिलं म्हणून मी ते आधीच माझ्या परकराच्या बोचक्यात ठेवलं होतं. तिथून ते अकोल्याला आलं. तुझी आईही माझ्याच कडेवर आली. पुढे दोन्ही घरच्यांनी ठरवलं की पोरीला आई हवी, तेव्हा धाकटी, म्हणजे मी, मोठी झाली की भाऊजींनाच द्यावी. तशी रीत होती, पुष्कळ घरांत तसंच व्हायचं. भाऊजी म्हणाले, माझ्या घरात तिची आणखी एक बहीण नको. ते परत कधी लग्नाला उभे राहिले नाहीत, आणि चिखलदऱ्याला गेले नाहीत. सणावाराला लेकीला बघायला यायचे, हातात काहीतरी खाऊ असायचा. तुझी आई म्हणायची, बाबा, ती शीळ वाजवा ना. मीच तिला सांगून ठेवली होती ती शीळ. ते म्हणायचे, विसरलो.

आत्याबाई मात्र फार वर्षं जगली. मी एकदा परतवाड्याला गेले तेव्हा शेजारी सत्यनारायण होता. आरती सुरू झाली, कापूर पेटला, आणि ही म्हातारी भिंतीला धरून उठून बाहेर निघून गेली. मी मागे गेले. अंगणात बसून लुगड्याला हात पुसत होती, पुन्हा पुन्हा. मला म्हणाली, "मी उभी राहून धुवायले लावत होती गं." एवढंच. मी तिच्याजवळ बसून राहिले.

आता तू म्हणतेस की पंडितांनी त्या पाखराला सातभाईंतून उचललं. मधे कोणत्या तरी दुसऱ्या घरात ठेवलं, आणि आता त्याचं वेगळंच घराणं केलं, त्याच्यासारख्या चारदोन पाखरांचं मिळून; माझं बरणीतलं त्यातच बसतं का, ते तुला ताडून पाहायचं आहे. म्हणजे मी आक्काला खोटं सांगितलं होतं, आणि तुम्ही लोकांनी ते आणखी खोटं केलंत. असू दे. मला त्याचं काही वाईट वाटत नाही. तिला झोप लागली होती त्या दिवशी.

तुकडा तुला देते. जे भाऊजींना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, ते त्यांच्याच पाखरावरून त्यांची नात नक्की करत असेल तर मी कोण अडवणार? पण पार्सल मी करणार नाही. त्या पाखराच्या अंगात अजून ते विष आहे, डॉक्टर म्हणाले होते की ते जात नाही. टपालात कोणा अनोळखी माणसाचा हात लागावा, कोणा पोरानं ते नाकाशी न्यावं, हे मला सहन होणार नाही. मी स्वतः बरणीचं झाकण इतक्या वर्षांत उघडलेलं नाही.

तूच ये. ते रबरी हातमोजे घेऊन ये, आणि तुझा तो बारीक चिमटा. पायाचा घे काय घ्यायचा तो तुकडा. पोट मात्र उसवू नको. आतला कापूस आक्काच्या बोटांनी ओढलेला आहे, तेवढाच तिच्या हाताचा जगात उरला आहे. काम झाल्यावर साध्या साबणानं हात धू, मी दाराशी उभी राहीन. मग जेवायला बसू.

लवकर ये गं. कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत आता माझा हात पोचत नाही, आणि बरणी दुसऱ्या कोणाला काढायला सांगायची माझी तयारी नाही.